हॉलला व्हिक्टोरियन थाट द्यायचाय? सोफा सगळ्यात शेवटी घ्या

व्हिक्टोरियन हॉल करायचा म्हटलं की लोक आधी सोफा बघायला निघतात. मीही तेच केलं. कोरीव पाठीचा, लाल मखमलीचा, तिघांचा सागवानी सोफा एका जुन्या फर्निचरच्या दुकानात दिसला. घासाघीस करून घेतला. टेम्पो सोसायटीच्या दारात उभा राहिल्यावर कळलं की तो लिफ्टमध्ये जात नाही. चार माणसांनी जिन्यावरून सातव्या मजल्यावर चढवला. पांढऱ्या भिंती, पांढरीशुभ्र फरशी आणि ट्यूबलाइटचा उजेड, यांच्यात तो असा दिसत होता की मंगल कार्यालयातून नवरा-नवरीचा सोफा कुणीतरी उचलून आणलाय.

सोफ्यात खोट नव्हती, माझा क्रम चुकला होता. हा थाट भिंतीतून आणि उजेडातून येतो. त्या दोन्ही गोष्टी जमल्या तर साधी खुर्चीसुद्धा शोभते, आणि नाही जमल्या तर कितीही नक्षी आणा, दुकानच वाटतं. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने लिहितेय. मापं आमच्या ठाण्याच्या हॉलची आहेत: १६ फूट बाय साडेदहा, छत साडेनऊ फुटांवर. तुमचाही साधारण असाच असेल.

आधी थोडा इतिहास, कारण तो खर्च वाचवतो

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. एवढ्या काळात एकच शैली टिकणं शक्यच नव्हतं. टोकदार गॉथिक कमानी, वळणदार फ्रेंच नक्षी, शेवटी विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरची पानं-फुलं-पाखरं, सगळं त्यात येतं. पण या सगळ्यामागे एक गोष्ट होती: यंत्राने माल स्वस्त झाला. इंग्लंडात वॉलपेपरवरचा कर १८३६ मध्ये गेला, काचेवरचा १८४५ मध्ये. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात जे मोठं प्रदर्शन भरलं, ते बघायला सुमारे ६० लाख लोक आले. पूर्वी फक्त सरदारांकडे दिसणाऱ्या वस्तू कारकुनालाही परवडायला लागल्या. मग घर भरणं हीच प्रतिष्ठा झाली.

या थाटामागचं दुसरं कारण काजळी. कोळशाची शेगडी आणि गॅसचे दिवे यांनी भिंती काळवंडत, म्हणून गडद रंग सोयीचे पडत. आपल्याकडे काजळी नाही, त्यामुळे छत पांढरं ठेवायला काही हरकत नाही. हॉल भरून टाकायची सक्तीही नाही. मॉडर्न व्हिक्टोरियन म्हणजे तेव्हाच्या भिंतीचे थर, गडद रंग, पितळ, काळसर लाकूड आणि एखादी ठळक नक्षी घ्यायची. झालरी, दहा छोटी टेबलं आणि काचेच्या घुमटाखालची मेणाची फळं सोडून द्यायची.

एक पैसाही खर्च करण्याआधी एक रविवार काढा आणि भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलं. आत ओतीव लोखंडाचे खांब आहेत, आणि जमिनीला इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्या. येताना १८८८ मध्ये बांधून झालेल्या व्हीटीच्या, म्हणजे सीएसएमटीच्या तिकीटघरातही मान वर करून उभे राहा. नक्षी किती दाट आहे ते सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही मोकळी जागा कुठे सोडलीय ते बघा.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या बड्या घरांतले दिवाणखाने आठवा: विलायती काचेच्या हंड्या, झुंबरं, बिलोरी आरसे. शिसवी लाकडावर गच्च कोरीव काम केलेलं फर्निचर तर त्या काळी खुद्द मुंबईत बनायचं. इंग्रजीत त्याला आजही ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणतात.

पायरी पहिली: मापं आणि अडचणी

एका कागदावर चारही भिंती काढा. लांबी-उंची लिहा, आणि मग प्रत्येक स्विचबोर्ड, एसी, एसीचा पाइप, टीव्हीचा पॉइंट जिथल्या तिथे दाखवा. हा कंटाळवाणा कागद पुढे फार उपयोगी पडतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली उंची आणि जिन्याच्या वळणावरची जागाही लिहा. का, ते वर सांगितलंच आहे.

पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते तेही लिहून ठेवा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर पोपडे धरत असतील तर आधी बाहेरून गळती बंद करून घ्या. ओल्या भिंतीवर केलेली सजावट दुसरा पावसाळा बघत नाही.

पायरी दुसरी: भिंतीचे थर

त्या काळातली, विशेषतः शेवटच्या तीस-एक वर्षांतली भिंत तीन भागांत विभागलेली असे. खाली कमरेएवढा डॅडो, मध्ये मोठा पट्टा, आणि वर छताला लागून फ्रीझ. डॅडोच्या वरची आडवी पट्टी मुळात व्यवहाराची. खुर्च्या भिंतीला टेकून ठेवल्या की पाठीने गिलावा उडायचा, तो या पट्टीने वाचायचा.

साडेनऊ फुटांच्या छताखाली तिन्ही भाग केले तर भिंत कापल्यासारखी दिसते. फ्रीझ सोडा. डॅडोची पट्टी जमिनीपासून ३२ ते ३६ इंचांवर घ्या; मी ३४ वर घेतली. भिंतीचे दोन सारखे भाग कधीही करू नका, हॉल ठेंगणा होतो. पट्टीच्या खाली पातळ मोल्डिंगच्या चौकटी करा. पट्टी दोन-अडीच इंच रुंद, चौकटीचं मोल्डिंग इंच-सव्वा इंच, आणि दोन चौकटींमध्ये व पट्टीखाली तीन-चार इंच मोकळे. वर छताच्या सांध्याला तीन-चार इंचांची कॉर्निस.

आता तो कागद काढा. आपल्या घरांत स्विचबोर्ड कुठेही असतो, आणि चौकटीची कड बरोबर त्यातून गेली तर सगळी मेहनत वाया. बोर्ड एक तर पूर्ण चौकटीच्या आत असावा किंवा पूर्ण बाहेर. म्हणून सुताराला बोलावण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपने सगळ्या चौकटी आखा आणि दोन दिवस तशाच राहू द्या. आमच्याकडे या दोन दिवसांत सात चौकटींच्या पाच झाल्या.

मोल्डिंग लाकडाचं घ्या, पीओपीचं किंवा पॉलिमरचं. रंग लागल्यावर फरक फारसा कळत नाही. ओलीच्या भिंतीवर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, मात्र नको, तो फुगतो. कोपरे ४५ अंशांत कापून जुळवलेले असावेत. काम संपायच्या आधी मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून आडवा प्रकाश पाडा, फटी लगेच दिसतात. आमचा सुतार म्हणाला, “ताई, एवढ्या पट्ट्या कशाला? नुसती धूळ बसेल.” खरं बोलला. त्यावरचा उपाय शेवटी सांगते.

एक स्वस्तातली युक्ती. व्हिक्टोरियन स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, उंच असे, आपल्याकडे फरशीचं चार इंचांचं असतं. ते उखडू नका. त्याच्या वर तीन इंचांवर एक पातळ पट्टी मारा, आणि फरशीचं स्कर्टिंग, मधली भिंत, पट्टी हे सगळं एकाच रंगात रंगवा. स्कर्टिंगच्या फरशीवर आधी तिला धरणारा प्रायमर हवा. लांबून सात-आठ इंचांचं लाकडी स्कर्टिंग वाटतं.

घर भाड्याचं असेल तर कायमचं मोल्डिंग करू नका. आरसा, फ्रेम्स आणि दिव्यांवर भर द्या, बरंचसं काम होतं.

पायरी तिसरी: रंग, आणि हवाच असेल तर वॉलपेपर

बाटलीसारखा हिरवा, शाईसारखा निळा, जांभळट तपकिरी, करडी छटा असलेला गुलाबी हे या शैलीतले रंग. मॉडर्न करायचं तर सोपी रीत अशी: एक गडद रंग निवडा आणि भिंत, पट्ट्या, चौकटी, दारसुद्धा त्यातच रंगवा. उठाव सावलीतून येतो. पट्ट्या सोनेरी केल्यात तर सोफा न आणताही मंगल कार्यालय होईल.

शेडकार्डावर विश्वास नको. छोटा डबा आणून दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना लावून बघा. मी निवडलेला हिरवा दुपारी सुरेख होता आणि रात्री जुन्या ट्यूबखाली दवाखान्यातल्या पडद्यासारखा. (दोष ट्यूबचा होता, पण तोवर रंगाला शिव्या देऊन झाल्या होत्या.) गडद रंगाला दोन हात बहुधा पुरत नाहीत, तिसरा धरूनच हिशोब मांडा. फिनिश मॅट घ्या, चकचकीत रंगात भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मूल लहान असेल तर डॅडोच्या खाली पुसता येणारा सॅटिन फिनिश द्या. डॅडो असतोच मुळी मार खाण्यासाठी.

हिरव्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळी झळझळीत हिरवा रंग अर्सेनिकपासून, म्हणजे सोमलापासून करत, आणि घरोघरी वॉलपेपरवर तोच असे. दमट खोल्यांत त्यातून विषारी वायू निघतो अशी ओरडही झाली. मॉरिसच्या सुरुवातीच्या वॉलपेपरांतही हे रंग होते, आणि त्याच्या घराण्याचे शेअर होते ती डेव्हनमधली तांब्याची खाण अर्सेनिकचंही मोठं उत्पादन करत होती. आजचा हिरवा निर्धास्त लावा, पण जुन्या बाजारात कुणी ‘अस्सल त्या काळचा’ वॉलपेपर दाखवला तर घेऊ नका.

वॉलपेपर लावायचा तर एकाच भिंतीला, डॅडोच्या वर, आणि ती भिंत आतली असावी. मॉरिसची नक्षी आता कुणाच्या मालकीची नाही, त्यामुळे चोरून स्ट्रॉबेरी खाणाऱ्या पाखरांचं १८८३ चं त्याचं डिझाइन वेगवेगळे उत्पादक छापतात. हिशोब असा: युरोपियन मापाचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. आमच्या भिंतीवर डॅडो आणि कॉर्निस वजा जाता उंची उरली ७६ इंच. पण नक्षी दर २१ इंचांनी पुन्हा येते, म्हणून जुळणीसाठी प्रत्येक पट्टा ८४ इंचांचा धरावा लागतो. एका रोलमधून चार पट्टे, म्हणजे सात फूट रुंदी. साडेदहा फुटांच्या भिंतीला दोन रोल लागले. नक्षीची उंची न विचारता दुकानदाराने सांगितलेला चौरस फुटांचा हिशोब घेऊ नका.

पायरी चौथी: उजेड

एवढं सगळं करून वर पांढरी ट्यूब लावली तर काही उपयोग नाही. सगळे बल्ब २७०० केल्विनचे, पिवळट. खोक्यावर छापलेलं असतं. एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा चार-पाच छोटे, वेगवेगळ्या उंचीवर लावा: भिंतीवर पितळी ब्रॅकेटची जोडी डोळ्यांच्या जरा वर, सोफ्याच्या बाजूला टेबललॅम्प, कोपऱ्यात उभा दिवा. अभ्यासाला किंवा मटार सोलायला लख्ख उजेड लागतो, तो वेगळ्या बटणावर ठेवा.

झुंबराचं काय? इंग्लंडातल्या मंडळींना पंख्याची चिंता नव्हती. आपल्याकडे छताच्या मध्यावर पंखा असतोच, आणि त्याच्या पात्यांच्या वर किंवा शेजारी दिवा आला की उजेड लुकलुकतो, अर्ध्या तासात डोकं दुखतं. झुंबर हवंच तर जेवणाच्या टेबलावर टांगा. हॉलच्या चालण्याच्या जागेत त्याचं खालचं टोक जमिनीपासून निदान सात फुटांवर राहिलं पाहिजे, म्हणजे साडेनऊ फुटी छताला उरतात जेमतेम अडीच फूट. आम्ही झुंबर टाळलं. जुन्या बाजारातली एक काचेची हंडी नवी वायर घालून खिडकीच्या कोपऱ्यात टांगली. पाहुणे आधी तिच्याबद्दलच विचारतात. पंखा मात्र गडद तपकिरी, पितळी कड असलेला घेतला, पांढरा असता तर तोच डोळ्यांत भरला असता.

पायरी पाचवी: शेगडीच्या जागी टीव्ही

व्हिक्टोरियन खोलीचं तोंड शेगडीकडे असे. वर फळी, फळीवर घड्याळ, त्याच्या वर मोठा आरसा. आपल्या हॉलचं तोंड टीव्हीकडे असतं, हे मान्य करून टाका. खोटी शेगडी बसवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण मे महिन्यात ठाण्यात ती बघून घाम फुटतो.

टीव्ही सगळ्यात गडद भिंतीवर लावा. बंद असताना काळा पडदा गडद भिंतीत विरून जातो, पांढऱ्या भिंतीवर भोकासारखा दिसतो. खाली साधं, सरळ कपाट घ्या. आरसा समोरच्या किंवा खिडकीजवळच्या भिंतीवर जाऊ द्या. तो खिडकीसमोर नेमका आला तर दिवसभर टीव्हीच्या पडद्यावर चमक येते, म्हणून खिळा ठोकण्याआधी कुणाला तरी आरसा धरून उभं करा.

पायरी सहावी: आता फर्निचर

नियम एकच: नक्षीचं एक, बाकी साधं. कोरीव सोफा असेल तर खुर्च्या सरळ रेषांच्या. सोफा साधा असेल तर एक बटणं टाचलेली, उंच कानांची खुर्ची पुरे. चेस्टरफील्ड, म्हणजे पाठ आणि हात एकाच उंचीचे आणि खोल बटणांचा सोफा, दिसतो झकास. पण हॉल साडेदहा फूट रुंद असेल तर त्याचे जाड हात बरीच जागा खातात. बटणांच्या खोबणीत शेव, रिमोटचे सेल आणि नाणी जमतात हेही ध्यानात असू द्या.

जुनं घेताना उलटं करून बघा. वरून पॉलिश सगळ्यांचंच छान असतं, खरं लाकूड खालून दिसतं. सागाला काळं पॉलिश मारून शिसवी म्हणून विकतात. शिसवी उचलताना जड लागतं, आणि न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडलं तर आतूनही जांभळट-काळं निघतं. बारीक भोकं दिसली तर वस्तू आपटून बघा, पिवळसर ताजी भुकटी पडली तर कीड अजून आत आहे. तशी वस्तू औषध मारून महिनाभर बाहेर ठेवल्याशिवाय घरात घेऊ नका.

जुनं पॉलिश बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने लावलेलं असतं. चमक अप्रतिम, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. रोज वापरायच्या टेबलाला हे पॉलिश नको, शोभेच्या कपाटाला असू द्या. मोडलेला पाय बदलायचा तर खरादीकडे, म्हणजे लाकूड कातणाऱ्याकडे, जुना पाय नमुन्याला न्या, फोटो नको.

आणि कापड. आपल्या दमट हवेत सुती मखमलीला पावसाळ्यात वास येतो, कधी बुरशीही धरते. पॉलिस्टर मखमल टिकते. माझ्या त्या सोफ्याची लाल मखमल शेवटी काढली आणि जाडंभरडं, साधं मोहरीच्या रंगाचं कापड चढवलं. नक्षी तीच, लाकूड तेच, पण लग्नघर गेलं.

बाकीचं झटपट

गालिचा मोठा घ्या, म्हणजे सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत. आमच्या हॉलला ६ बाय ९ पुरला. पांढरी फरशी लपवायचा याहून स्वस्त मार्ग नाही. पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीपेक्षा सहा-आठ इंच वर, कापड खिडकीच्या दुप्पट रुंद, आत जाळीचा पडदा. वरच्या झालरी विसरा.

भिंतीवरच्या फ्रेम्स आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडा, पसंत पडलं की पेपर त्या आकारात कापून भिंतीला चिकटवा, मगच ड्रिल. सगळ्या मांडणीचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर, दोन फ्रेम्समध्ये दोन-तीन इंच. लावायचं काय, तर घरातलेच जुने फोटो. आणि राजा रविवर्म्याची रंगीत छापील चित्रं, ज्यांना ओलिओग्राफ म्हणत. ती तर त्याच काळातली. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजीच्या ट्रंकेत एखादी लक्ष्मी किंवा सरस्वती निघाली तर तिला आम्लविरहित पुठ्ठा लावून, काचेपासून जरा सुटी ठेवून फ्रेम करा. ओलीच्या भिंतीवर टांगू नका.

त्या काळी इंग्लंडात नेच्यांचं वेड लागलं होतं, काचेच्या पेट्यांत नेचे वाढवत. आपल्याला पेटी नको, नेच्याला आपली हवा तशीही मानवते. माळ्यावर पडलेलं तांब्याचं घंगाळ काढा आणि प्लास्टिकच्या कुंडीसह बॉस्टन फर्न हा नेचा आत ठेवा. माती थेट घंगाळात घालू नका. पाणी तुंबतं आणि तांब्यावर डाग पडतात.

राहिली सुताराची धूळ. पट्ट्यांच्या आणि नक्षीच्या खाचांत ओलं फडकं घातलं की चिखल होऊन बसतो. जाड केसांचा दाढीचा ब्रश घ्या, कोरडाच. वरून खाली, आठवड्यातून एकदा, शेवटी गालिच्यावर व्हॅक्यूम. आमच्या हॉलला वीस मिनिटं लागतात, आणि ब्रश सासऱ्यांचा आहे, त्यांना विचारून घेतलाय.